राज्याचा सहावा भाग घ्यावा की मुरू द्यावा

आम्ही शेजारी राहायला आलो आणि वसुधाआत्या माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या, या दोन घटनांमध्ये अकरा महिने गेले. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. जिन्यात दिसले की त्या मान हलवायच्या आणि आत जायच्या. संक्रांतीला तिळगुळाची वाटी दिली तर ती घेतली, धुऊन परत केली, वर दोन पेरू ठेवले, पण तोंडातून अक्षर नाही. मी सातारची. आमच्याकडे शेजारीण पहिल्या दिवशी तुमच्या नवऱ्याचा पगार विचारते आणि दुसऱ्या दिवशी तो कमी आहे असं सांगते. मी तर ठरवूनच टाकलं होतं की बाईंना बोलता येत नसावं. आणि अकराव्या महिन्यात एका सकाळी त्यांनीच माझं दार वाजवलं.

"मुरलात तुम्ही आता," त्या म्हणाल्या. "या चहाला."

पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा जाब विचारला. माझे यजमान फौजेत, नेमणूक इथून जवळच्या बबीन्याच्या छावणीत, म्हणून आम्ही झाशीत भाड्याने. आत्या म्हणाल्या, "अगं, तुम्ही फौजी लोक. दोन वर्षांत बिस्तरा गुंडाळता. आधी बघायचं टिकतायत का. जीव लावून मग मीच बसायचं होय रिकाम्या दाराकडे बघत?"

तर "मुरू दे" हा आत्यांचा मंत्र. तांदूळ वर्षाचा जुना झाल्याशिवाय शिजवत नाहीत, हे समजू शकते. पण नवी चप्पलसुद्धा महिनाभर फडताळात ठेवतात! गल्लीत कुणाची सून आली तर वर्षाने ओटी भरतात. तोवर ती बिचारी बाळंतपणाला माहेरी गेलेली असते. मानिक चौकात दातांचा नवा डॉक्टर आला तेव्हा आत्यांची दाढ ठणकत होती, गाल टम्म सुजला होता. मी म्हटलं, "चला, मी नेते."

"बिलकुल नाही. आधी त्याला शंभर दाढा उपटू दे. माझी एकशे एकावी."

सव्वा महिना बाईंनी लवंग चावून काढला.

घराणं मूळचं कोकणातलं, पण कुणी पूर्वज इथे कारभारात आले ते इथलेच झाले. आत्यांनी मुलींच्या कॉलेजात, म्हणजे इकडच्या भाषेत बारावीपर्यंतच्या शाळेत, तीस-बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, लग्न केलं नाही. गल्ली त्यांना बुआजी म्हणते. मराठी बोलायला त्यांना दोनच माणसं, एक मी आणि एक नाना. नाना म्हणजे धाकटा भाऊ, नाशिकला मुलगा-सुनेकडे असतो.

आता अशी बाई रोज दुपारी चार वाजता लढाया करते, हे सांगून कुणाला पटेल? मलाही पटलं नसतं. एकदा भिंतीपलीकडून आवाज आला, "अरे मेल्या, घोडे डोंगरावर कशाला चढवतोस? खिंडीतून काढ, खिंडीतून!" मला वाटलं, घरात कुणी शिरलं. लाटणं घेऊन धावले. आत्या कॉम्प्युटरसमोर बसलेल्या, अंबाड्यावरून हेडफोन चढवलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"बस तिथे," मागे न बघता म्हणाल्या. "नाना माझ्या वेढ्यात सापडलाय."

खेळ असा की आपण गावं वसवायची, शेती करायची, रस्ते बांधायचे, सैन्य उभं करायचं आणि दुसऱ्याचं राज्य घ्यायचं. एकदा तुम्ही चाल करायची, एकदा समोरच्याने. त्याचं इंग्रजी नाव हातभर लांब आहे, आत्या नुसतं "राज्य" म्हणतात. त्या निवृत्त झाल्या तेव्हा नानांनी नाशिकहून कॉम्प्युटर पाठवला, आत हा खेळ घालून. लहानपणी ही भावंडं अंगणात खडूने नकाशा काढून चिंचोक्यांनी लढायची, म्हणून. तेव्हापासून रोज चारला फोन लागतो आणि बहीणभाऊ दीड तास एकमेकांच्या गावांना आगी लावतात.

भूगोलाची बाई ती, तिला हा खेळ पचतोय होय? "ही बघ नदी! चढावर वाहतेय! नववीतल्या पोरीने अशी काढली असती तर भोपळा दिला असता." गावांना नावं मात्र इथलीच देतात. राजधानी कायम मऊरानीपूर. झाशी हे नाव कधीच देत नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "आणि हरली तर? मला नाही बघवायची."

त्या मऊरानीपूरने एकदा अनर्थ केला. नानांनी आदल्या दिवशी राजधानी जिंकली होती आणि आत्या सुतकी चेहऱ्याने भाजी घ्यायला खाली उतरल्या. भाजीवाल्याने विचारलं, "का हुआ बुआजी?"

"क्या बताएँ भैया, मऊरानीपुर गया. कल से आग लगी है."

"आग? अरे हमारी अम्मा वहीं हैं!"

भैया हातातला तराजू टाकून फोनकडे धावला. अम्मा तिकडे निवांत मटार सोलत होती. आत्यांनी त्याला वर बोलावून आलं घातलेला चहा पाजला, पडद्यावर जळतं गाव दाखवलं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. हल्ली तो रोज मापाच्या आधी विचारतो, "बुआजी, आज मऊरानीपुर सलामत?"

आणि मग या उन्हाळ्यात जाहिरात आली, की राज्याचा सहावा भाग निघतोय, दसऱ्याच्या आत.

तिथून आमच्या घरांची शांतता गेली. पाचवा भाग आत्यांनी चांगलं सव्वा वर्ष मुरवून घेतला होता. तो नवा निघाला तेव्हा म्हणे जहाजं जमिनीवर चालायची, गहू खडकावर उगवायचा. "हे लोक आधी विकतात गं, मग शिजवतात," आत्या म्हणायच्या. बरं, एकट्याने घेऊनही उपयोग नाही. दोघांकडे एकच भाग असेल तरच एकमेकांशी खेळता येतं. म्हणजे आत्या घेतील तेव्हाच नाना घेणार. नाना तर नुसते उतावीळ झाले होते. रोज फोनवर सुरू, "ताई, यात म्हणे पूर येतात! ताई, यात पुलाखालून नाव जाते!" आणि शेवटी पडेल आवाजात, "अर्थात तू म्हणशील तेव्हा. मला काही जल्दी नाही."

आत्यांनी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. एकीकडे "न घ्यावा", दुसरीकडे "घ्यावा". मला सल्लागार नेमलं. माझ्यासारखी उतावळी बाई सल्लागार! मी नवी वस्तू निघाली की त्याच दिवशी घेते. मिक्सर तसाच आणला आणि तो तिसऱ्या दिवशी चटणीसकट जळाला. माझ्या सांत्वनाला येण्याआधी आत्यांनी तो प्रसंग "न घ्यावा"खाली लिहून घेतला. मी मोबाईलवरून जगभरच्या लोकांची मतं वाचून दाखवायची, त्या लिहायच्या. पावसाळा सरला तेव्हा "न घ्यावा"चं पान भरून मागच्या पानावर गेलं होतं. "घ्यावा"खाली एक अक्षर नव्हतं.

"ठरलं," आत्यांनी वही मिटली. "पुढच्या दसऱ्याला बघू."

मला खरंच राग आला. म्हटलं, काय ही बाई! स्वतः मुरते ती मुरते, वर त्या म्हाताऱ्या भावालाही बरणीत घालते. फोनवर नाना नुसतं "बरं ताई" म्हणाले. दोन दिवस मी आत्यांकडे गेले नाही.

तिसऱ्या दिवशी डबा परत द्यायला गेले. साडेतीन वाजले होते. आत्या कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या, पण हात मांडीवर. शेजारी वही उघडी. "घ्यावा"खाली एकच शब्द लिहिलेला होता: नाना.

"हे काय?"

"बस." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "हे नानाचं राज्य. ही डावीकडची तीन गावं बघ. चार महिने झाले, उपाशी आहेत. शेजारी धान्य पडलंय, तो उचलत नाही. मला वाटलं डाव टाकतोय काहीतरी, लबाड आहे तो. परवा मी माझं सैन्य मुद्दाम त्याच बाजूने त्याच्या वेशीवर नेलं. तर विचारतो, ताई, तू आहेस कुठे?" आत्यांनी पडद्यावर ती वेस दाखवली. "मी त्याच्या वेशीवर उभी होते गं."

मला अजून उमगेना.

"सुनेला फोन केला. आधी काही नाही, काही नाही करत होती, मग रडली. काचबिंदू आहे. बाजूचं दिसायचं बंद झालंय, डावीकडे जास्तच. गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर, आणि आहे ते किती दिवस टिकेल याचा भरवसा देत नाहीत. नानाने घरात ताकीद दिलीय, ताईला कळता कामा नये."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? सैन्य मागे घेतलं. आता फक्त उजवीकडून लढते."

पदराने चष्मा पुसला, परत लावला, परत काढला. "खेळ वर्षभराने नीट होईल. होईलच, करतात ते लोक. पण वर्षभराने नाना कसा असेल, हे कोण सांगणार मला? मी सगळं आयुष्य थांबून थांबून बघितलं. या वेळी थांबले तर मी भावाचं नुकसान करेन."

माझा राग कुठल्या कुठे गेला. लाज वाटली स्वतःची, आणि रडू आलं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "घ्या आत्या. सडका निघाला तरी घ्या. पहिल्या दिवशी घ्या."

पहिला दिवस उजाडला तेव्हा आत्या आंघोळ करून, देवाला दिवा लावून माझ्या दारात उभ्या. पैसे भरायचं बटण मी दाबलं, कारण त्यांचा हात काही खाली जाईना. खेळ इंटरनेटवरून उतरायला लागला. सकाळी दहाला सुरू केला तो दुपारी तीनला जेमतेम निम्मा, आणि तेवढ्यात बिजली गेली! आत्यांकडे इन्व्हर्टर नाही. का नाही, ते तुम्हीच ओळखा. माझ्याकडे आहे. मग आमची मिरवणूक निघाली. पडदा आधीच पोचवलेला, आता मी पुढे कॉम्प्युटरचा जड डबा छातीशी धरून, मागे आत्या, हळदीकुंकवाच्या तबकात कीबोर्ड आणि माऊस घेऊन. खालून भाजीवाला ओरडला, "बुआजी, राजधानी बदल रही हो का?"

सुनेने नाशिकला तोच खेळ त्यांच्या मशीनमध्ये चढवला होता. दुसऱ्या दिवशी चारला माझ्या जेवणाच्या टेबलावर फोन स्पीकरवर ठेवला.

"ताई, तू? पहिल्याच दिवशी घेतलास?" नानांचा आवाज आनंदाने वर गेला होता. "तब्येत बरी आहे ना तुझी?"

"न असायला काय झालं? लोक म्हणतायत या वेळी बरा केलाय."

लोक असलं काही म्हणत नव्हते. पहिल्या दहा मिनिटांत खेळ दोनदा आपोआप बंद पडला. बैल उलटे चालत होते. एक शेतकरी देवळाच्या कळसावर उभा राहून नांगर धरत होता. एरवी आत्यांनी त्या कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. आणखी एक गोष्ट त्यांनी आयुष्यात प्रथमच केली होती. दोघं एका बाजूने, राज्य एकच, त्यामुळे नकाशाही एकच. "नवा आहे खेळ, मिळून शिकू आधी," असं नानांना सांगितलं होतं.

तिकडे नाना एकाएकी चाचपडत म्हणाले, "ताई, या नव्या खेळात डावीकडचं जरा अंधुक येतंय का गं?"

आमच्या पडद्यावर सगळं लख्ख दिसत होतं. झाडाचं पान न् पान मोजता आलं असतं. मी आत्यांकडे बघितलं. त्या पडद्याकडेच बघत होत्या.

"येतंय तर," त्या म्हणाल्या. "माझ्याकडेही तसंच येतंय. कच्चा काढलाय मेल्यांनी."

"हो ना? मला वाटलं माझंच काहीतरी..."

"तुझं काही नाही रे. सगळ्यांची तीच तक्रार आहे. ही सातारकरीण इथे बसलीय, विचार तिला."

मी फोनकडे वाकून म्हटलं, "हो नाना. मलाही नाही दिसत."

पलीकडून सुटकेचा मोठा श्वास ऐकू आला. कितीतरी दिवसांचा कोंडलेला असावा तो. नाना हसले, चक्क हसले, आणि मोकळ्या आवाजात म्हणाले, "मग तुझ्या अंदाजाने काय असेल गं माझ्या डावीकडे?"

आत्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"नदी असावी," त्या म्हणाल्या. "अलीकडे गवताचं रान. दोन, नाही, तीन हरणं चरतायत बहुतेक. पलीकडे टेकडी, आणि तिच्या पायथ्याशी काळी जमीन."

"आणि त्याच्याही पलीकडे?"

"सांगते ना. तू ऐक, मी सगळं सांगते."