बोगद्याच्या तोंडाशी

कुरडया बोगद्यात वाळत घालायला प्रल्हादरावांनी परवानगी दिली नव्हती. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, एवढंच; आणि लग्नाला तेहतीस वर्षं झाल्यावर दोन्हीचा अर्थ एकच होतो. जयपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवर काही घालावं तर दुपारी आंधी येते आणि कुरडई दाताखाली करकरते. नवऱ्याच्या ताब्यात सीतापुऱ्याच्या कॉलेजातला एवढा मोठा वाऱ्याचा बोगदा असताना सुलोचनाबाईंनी वाळू का खावी?

बोगदा म्हणजे खोलीभर लांबीचा चौकोनी नळ. पुढे नरसाळ्यासारखं रुंद तोंड, मागे अजस्र पंखा. पंखा खोलीतली हवा तोंडातून आत ओढतो आणि मागे फेकतो. मधोमध काचेआड, विमानातून सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीतल्या हिमानीने आणलेली हातभर लांब दांडी बसवली होती. सर्वेक्षणाच्या विमानाच्या नाकावर बसून आभाळातल्या वाऱ्याचे हिसके मोजायचे, हे त्या दांडीचं काम. पण आधी अगदी संथ वाऱ्यात धरून तिच्या मापातली चूक किती ते ठरवायला हवं. उद्या सकाळी ती विमानावर चढायची होती.

हे मोजमाप आज जमलं तर बोगदा राहणार होता. नाही जमलं तर डायरेक्टरसाहेब "वो बड़ा पंखा" मोडीत काढून तिथे कॉम्प्युटर लॅब करणार होते. वीस वर्षांपूर्वी त्याचा पत्रा न् पत्रा प्रल्हादरावांनी उभं राहून जोडून घेतला होता. डायरेक्टरांचं बोलणं ऐकल्यापासून बिचाऱ्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

"सर, मतलब... आकडे परत हलतायत," हिमानी म्हणाली. जयपूरच्याच खातीपुऱ्यात वाढलेली मुलगी. तिचं मराठी वाक्यागणिक ठेचकाळायचं. "आत वारा शांत नाहीये."

प्रल्हादराव बोगद्याच्या तोंडाशी आपल्या नेहमीच्या जागी हात मागे बांधून उभे होते. ते तडक मागे गेले, मागोमाग हिमानी. पंख्यापलीकडे खाटेवर कुरडयांची पंगत बसली होती आणि शेजारी प्रयोगशाळेतल्या सुखदेवचा ओला गमछा फडफडत होता.

"सुखदेव! ये क्या है?"

"साब, कुरडई मैडमजी की. गमछा मेरा."

"हटाओ! दोनों!"

सुखदेवने गमछा खांद्यावर टाकला आणि कुरडया परातीत घालून आवारातल्याच साहेबांच्या क्वार्टरवर पोचवल्या. प्रल्हादराव आपल्या जागी परतले. आकडे हलतच होते.

"खिड़की बंद करो! दरवाज़ा! कूलर भी!" त्यांनी जागेवरूनच हुकूम सोडले. मे महिन्यात कूलर बंद म्हणजे अंगाची नुसती लाही. सुखदेव घाम पुसत झुळकेसाठी बोगद्याच्या तोंडाशी सरकला, तर प्रल्हादराव केवढ्यांदा खेकसले! "अरे, यहाँ आदमी खड़ा हो तो अंदर हवा गोल-गोल घूमती है!" लगेच त्यांनी पुठ्ठ्यावर 'यहाँ खड़ा होना मना है' असं लिहून तो तोंडावर टांगला. पण पाट्या वाचतो कोण? म्हणून ते स्वतः त्या पाटीखाली पहारा देत उभे राहिले.

तेवढ्यात फोन वाजला.

"ओल्या कुरडया परत धाडल्यात? काय हो हे?"

"तुझ्या कुरडयांपायी माझा बोगदा जाणार आज!" प्रल्हादराव ओरडले.

पलीकडून फोन कट. प्रल्हादराव लगेच परत लावायला लागले. दारं-खिडक्या लावल्यावर खोलीत रेंज धड टिकत नव्हती, म्हणून ते व्हरांड्यात गेले आणि चार वेळा लावल्यावर फोन उचलला गेला.

"मी मुद्दाम केलं का हो?" सुलोचनाबाईंचा आवाज ओला होता. "वीस वर्षं सवत म्हणून नांदवलं त्याला. माझ्या हातून त्याचं वाईट होईल का?"

"चुकलो गं मी," एवढंच बोलून ते डोळे पुसत आत आले.

"सर! एकदम स्थिर!" हिमानी नाचायचीच बाकी होती. "पंधरा मिनिटं झाली, एक पण आकडा हलला नाही!"

"काय सांगतेस! बघू?" प्रल्हादराव लगबगीने आपल्या जागी जाऊन उभे राहिले. पडद्यावरचे आकडे थयथय नाचायला लागले.

हिमानीने सुखदेवकडे पाहिलं, सुखदेवने छताकडे. शेवटी त्यालाच बोलावं लागलं.

"साब, छोटा मुँह बड़ी बात. बोर्ड आपके सिर पर ही टँगा है."

प्रल्हादरावांनी मान वर करून पाटी वाचली. अक्षर त्यांचंच होतं. मग त्यांनी स्टूल उचललं आणि उरलेले दोन तास ते बेचाळीस डिग्रीत व्हरांड्यात बसून राहिले. आत काम बिनबोभाट झालं. बोगदा वाचला.

संध्याकाळी अहवालात 'व्यत्ययाचं कारण' या रकान्यात त्यांनी सकाळीच लिहून ठेवलेल्या 'कुरडया, गमछा' यावर काट मारली आणि शेजारी स्वतःचं नाव घातलं. मग घरी फोन लावला.

"कुरडया परत पाठव. आता रोज पाठव. वाऱ्यात काही दोष नव्हता गं. मीच मध्ये उभा होतो."

सुलोचनाबाईंनी फोन कानाशी धरूनच परात पुढे ओढली.

"हे कळायला यंत्र लागलं होय तुम्हाला?"