आगाऊ हसू

हरणखेडे नगरपरिषदेच्या करविभागातल्या वत्सलाबाई फालक यांना हसू आधी यायचं आणि हसण्यासारखी गोष्ट नंतर घडायची. मधे कधी घटकाभर वेळ जायचा, कधी आठवडा, कधी त्याहूनही जास्त. ज्या माणसाच्या बाबतीत ती गोष्ट घडणार असेल तो समोर आला की बाईंना हसू फुटायचं. पण काय घडणार, हे त्यांना स्वतःलाही कळायचं नाही. त्यांच्या एका मावशीला रडू आधी यायचं. तिला लग्नकार्याला कुणी बोलवत नसे. तिच्या मानाने आपलं बरं, असं बाई म्हणायच्या.

विभागात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणाची कुरकुर नव्हती. पलीकडच्या टेबलावरचे सोनवणे एकदा शांतपणे चहा पीत असताना बाई त्यांच्याकडे बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पुढच्याच आठवड्यात सोनवण्यांनी एका थकबाकीदार बाईला फोनवर चांगलं फैलावर घेतलं, घरावर जप्ती आणीन म्हणाले, आणि फोन ठेवताना लक्षात आलं की पलीकडे त्यांच्या सासूबाई होत्या. सगळा विभाग हसला. बाई तेवढ्या हसल्या नाहीत, कारण त्यांचं हसून झालं होतं. सोनवणे त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणाले, सुटलो एकदाचा. एवढंच.

मग निनाद भिरूड कर अधीक्षक म्हणून बदलून आले. माणूस नीटनेटका, नियमाला धरून चालणारा, सदऱ्याला इस्त्री कडक. बाईंचं हे असं आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण ते मुद्दाम सांगण्यासारखं आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. पहिल्याच आढावा बैठकीत साहेब वसुलीबद्दल बोलत असताना बाई फाइल घेऊन आत गेल्या, त्यांच्याकडे बघितलं आणि हसू लागल्या. फाइल तोंडावर धरली तरी हसू आवरेना. शेवटी कपाटाला धरून उभं राहावं लागलं. एवढं मोठं हसू विभागात कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

साहेबांना नंतर सोनवण्यांनी समजावून सांगितलं. भिरूडांनी सगळं ऐकून घेतलं आणि, मग ते घडणार कधी, एवढंच विचारलं. सोनवणे म्हणाले, होईल साहेब, लवकरच.

लवकर काही झालं नाही. दिवाळी गेली. मालमत्ता कराची बिलं निघाली, वाटून झाली. साहेबांच्या हातून हसण्यासारखं काहीही घडलं नाही. ते भिंतीच्या कडेने चालू लागले. सभेत उभं राहून बोलणं त्यांनी सोडलं, मग बसून बोलणंही सोडलं. अंगावरचा सदरा सैल झाला. बाईंना वाटलं, साहेब आपल्यावर चिडलेत. म्हणून त्या त्यांच्या समोर जाणं टाळू लागल्या आणि फाइली सोनवण्यांच्या हाती पाठवू लागल्या. साहेबांना वाटलं, वेळ जवळ आली असणार, म्हणून बाई लांब राहतायत. दोघांमध्ये एक लाकडी पार्टिशन होतं. त्याच्या एका बाजूला एक माणूस स्वतःच्या फजितीची वाट बघत होता आणि दुसऱ्या बाजूला एक बाई खाली मान घालून बिलं तपासत होती.

शेवटी भिरूडांनी रीतसर तक्रार केली. आरोप दोन होते. पहिला, सहकाऱ्यांकडे बघून आगाऊ हसणे. दुसरा, योग्य प्रसंगी न हसणे. त्यात मुख्याधिकाऱ्यांनी वार्षिक स्नेहसंमेलनात सांगितलेल्या विनोदाचा उल्लेख होता. या दुसऱ्या आरोपावर बाईंनी उत्तर दिलं की त्या विनोदाला त्या आदल्या आठवड्यातच जिन्यात हसल्या होत्या, आणि मुख्याधिकारी तेव्हा समोरूनच येत होते. मुख्याधिकाऱ्यांनाही ते आठवलं. तो आरोप वगळला गेला.

पहिला मात्र राहिला. चौकशी अधिकारी समजूतदार गृहस्थ होते. हसू आधी येतं याबद्दल त्यांचा काही वाद नव्हता. आगाऊ उचल शासनात सगळेच घेतात, असं त्यांनी अहवालात म्हटलं. पण घेतलेली उचल मार्चअखेर हिशेबात बसवावी लागते. हे हसू मार्च उलटला तरी हिशेबात बसलेलं नाही. तेव्हा ते विनाकारण, म्हणजेच सहकाऱ्याचा अपमान करण्यासाठी हसलेलं आहे असं मानावं लागतं. बाईंची वेतनवाढ रोखण्यात आली आणि त्यांना गावाबाहेरच्या जुन्या जकात नाक्यावर नेमण्यात आलं. जकात बंद झाल्यापासून तिथे कुणी गाडी थांबवत नव्हतं. एक टेबल, एक खुर्ची आणि गाड्या अडवायचा, आता वर करून ठेवलेला बांबू, एवढंच तिथे उरलं होतं.

बाईंचे यजमान मुरलीधर एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, वेतनवाढ गेली उडत, बाहेर निवांत बसायला मिळेल, विणकाम कर.

"वेतनवाढीचं नाही हो," त्या म्हणाल्या. "तिथं माणूसच समोर येणार नाही. मग मी हसायचं कुणाला बघून?"

अपिलाचा कागद मुरलीधरांनीच आणून दिला.

अपिलाची सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी, दुपारच्या जेवणानंतर होती. अपील अधिकारी श्रीमती काळसेकर सुनावणीत कधी हसत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती, आणि या प्रकरणात ते सोयीचंच मानलं गेलं. बाईंनी वकील दिला नव्हता. त्या उभ्या राहिल्या आणि जे म्हणायचं ते सरळ म्हणाल्या. किती दिवसांत कारण घडलं पाहिजे असा कोणत्याही नियमात उल्लेख नाही. शिवाय विलंब त्यांच्याकडून झालेला नाही. त्यांच्या बाजूचं काम त्यांनी तेव्हाच पूर्ण केलं. आता प्रकरण साहेबांच्या स्तरावर प्रलंबित आहे.

काळसेकरबाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी मूळ तक्रारीतलं हसण्याचं वर्णन मोठ्याने वाचून दाखवलं. भिरूडांनी ते बारकाईने केलं होतं: प्रथम नाकातल्या नाकात, दाबलेले, मग थोडा खंड, मग एकदा मोठ्याने, पुन्हा खंड, आणि शेवटी आवर न घालता येण्याजोगे, डोळे पुसत, हाताने आधार शोधत. तक्रारदारांना हे वर्णन मान्य आहे का, असं त्यांनी विचारलं. भिरूड उठले आणि मान्य आहे म्हणाले. बसताना त्यांनी खुर्चीचे चारही पाय एकेक करून हलवून पाहिले.

"प्रकरण तुमच्याकडे प्रलंबित आहे, असं यांचं म्हणणं आहे," काळसेकरबाई म्हणाल्या. "तुमच्याकडून इतके दिवस काहीच का घडलं नाही?"

भिरूड पुन्हा उठले. काही घडू नये म्हणून मी आटोकाट काळजी घेतो, असं त्यांनी सांगितलं. कसली काळजी, ते सविस्तर सांगा, असा हुकूम झाला.

तेव्हा भिरूडांनी सांगायला सुरुवात केली. आवाज खाली होता आणि चेहरा ओढलेला. वत्सलाबाईंनी प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं. एवढा वाळलेला माणूस आपण रोज पार्टिशनच्या पलीकडे ठेवून घरी जात होतो, हे त्यांना तेव्हा लख्ख जाणवलं.

भिरूड सांगत होते. ते चारचौघांत रस्सा खात नाहीत. बोलताना जीभ घसरेल म्हणून परिपत्रक हा शब्द त्यांनी टाकून दिला आहे. बैठकीत ते नुसतं 'तो कागद' म्हणतात. रोज घरातून निघताना पत्नी त्यांना पुढून-मागून तपासते, आणि कार्यालयात पोचल्यावर ते तिला फोन करून तपासणी पूर्ण झाली होती ना, याची खात्री करून घेतात. पुतण्याच्या लग्नात अक्षता डोळ्यात वगैरे जाऊन काही घोटाळा नको म्हणून त्यांनी एकेक दाणा टाकला. शेवटचा दाणा टाकेपर्यंत वरात निघाली होती.

समोर बसलेल्या लघुलेखकाने नाकातून बारीक आवाज काढला आणि पेन्सिल उचलण्यासाठी खाली वाकला. सोनवणे साक्षीला आले होते, ते खिडकीबाहेर बघू लागले.

"आणखी?" काळसेकरबाईंनी विचारलं.

आणखी एक शेळी होती, भिरूड म्हणाले. ती कार्यालयाच्या आवारात हिंडायची. एखाद्या दिवशी ती आपल्या अंगावर येईल आणि त्यातून प्रसंग उद्भवेल, असं त्यांना वाटू लागलं. मालकाचा तपास लागला नाही, म्हणून त्यांनी आवार सोडण्याबाबतची नोटीस थेट शेळीच्या नावे काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

"मग?"

"शेळीने नोटीस खाल्ली."

सोनवण्यांच्या तोंडून एकदम मोठ्याने हसू बाहेर पडलं. त्यांनी लगेच रुमाल लावला. खोली पुन्हा शांत झाली. काळसेकरबाईंचा चेहरा हलला नाही. फक्त कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"पुढे काय केलंत?"

"पुढे काय करणार," भिरूड अगदी प्रांजळपणे म्हणाले. "मी स्मरणपत्र काढलं."

आणि मग काळसेकरबाई हसल्या. आवरायचा प्रयत्न त्यांनी केला, पण जमला नाही. लघुलेखकाने टेबलावर डोकं ठेवलं. सोनवण्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. दारातला शिपाई आत येऊन, काय झालं ते न विचारताच, हसायला लागला. काळसेकरबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा घातला, भिरूडांकडे पाहिलं आणि पुन्हा काढला.

सगळ्या खोलीत दोनच माणसं हसत नव्हती. भिरूड आधी पांढरे पडले. मग त्यांनी हळूहळू मान वळवून वत्सलाबाईंकडे पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याची एक रेषही नव्हती.

"बाई," भिरूड म्हणाले. "हेच का ते?"

वत्सलाबाईंनी पोटावर हात ठेवून क्षणभर अंदाज घेतला. एवढं मोठं हसण्यासारखं डोळ्यांसमोर घडत होतं आणि आत जागा रिकामी होती.

"हेच ते, साहेब," त्या म्हणाल्या. "झालं आता."

भिरूड खुर्चीत बसले, पाय न तपासता. त्यांनी तोंडावर हात घेतले आणि खांदे हलू लागले. रडतायत असं वाटून बाई उठल्या. पण ते हसत होते. 'स्मरणपत्र' असं मधूनमधून स्वतःशीच म्हणत, किती तरी महिन्यांचं साठलेलं ते हसत होते.

काळसेकरबाईंनी पाणी पिऊन झाल्यावर तक्रारीतलं वर्णन पुन्हा हाती घेतलं. प्रथम दाबलेले, नाकातले. लघुलेखकाने मान खाली घालून ते आपलं असल्याचं कबूल केलं. खंड, मग एकदा मोठ्याने, ते सोनवण्यांचं. शेवटचं स्वतःचं, असं त्यांनी नोंदवून घेतलं. तक्रारीतलं हसू हेच असल्याची ओळख पटली. वसूल झालेली उचल थकीत मानता येत नाही. शिक्षा रद्द, बाईंनी उद्यापासून करविभागात हजर व्हावं. तक्रारदाराला काही म्हणायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. भिरूडांनी हसतच नकारार्थी मान हलवली. त्यांना बोलता येत नव्हतं.

बाहेर आल्यावर वत्सलाबाई त्यांना म्हणाल्या की हसू माझ्या हातात नव्हतं, पण त्यानंतर येऊन दोन शब्द बोलणं हातात होतं, ते मी केलं नाही. भिरूड म्हणाले, मीही तुमच्या टेबलाशी कधी आलो नाही. मग सोनवणे म्हणाले की भूक लागली आहे.

हरणखेड्याच्या वाटेवर एका ढाब्यावर नगरपरिषदेची जीप थांबली. भिरूडांनी शेवभाजी मागवली, तिखट, रस्सा जास्त. ढाब्यात बरीच माणसं होती. पहिल्याच घासाला भाकरीचा तुकडा निसटून ताटात पडला आणि इस्त्रीच्या सदऱ्यावर लाल शिंतोडे उडाले. भिरूडांनी खाली बघितलं. कुणी हसलं नाही. त्यांनी रुमालाने डाग पुसला, तो आणखी पसरला, आणि ते जेवू लागले.

थोड्या वेळाने त्यांनी हात थांबवला.

"बाई, एक विचारू? माझ्याबद्दल आता काही बाकी आहे का?"

वत्सलाबाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. सोनवणेही खायचे थांबले.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "सध्या तरी काही नाही."

भिरूडांना हायसं वाटलं, आणि किंचित वाईटही वाटलं. त्यांनी ढाबेवाल्याला हाक मारून सगळ्यांसाठी आणखी रस्सा मागवला.