स्थिर हाताचं काम

मला कॉम्प्युटरची भीती वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी भलता समज करून घ्यायला नको. मी दातांचा डॉक्टर. उभं आयुष्य लोकांच्या तोंडात हात घालून काढलं. चावणारी पोरं पाहिली, सुई दिसताच खुर्चीतून पळालेला पहिलवान पाहिला, दाढ काढून झाल्यावर "दुसरीच होती हो ती" म्हणणारे पाहिले. सगळ्यांना पुरून उरलो! असा माणूस टेबलावरच्या एका खोक्याला घाबरेल का?

काम होतं आमच्या हिचं. हिला दारांचे फोटो काढायचा नाद आहे. साधी, बंद दारं. रंग उडालेली, कडी गंजलेली, खाली मांजरासाठी भोक पाडलेली. कुणाच्याही घरासमोर ट्रायपॉड रोवून ही उभी राहते, आणि आतलं माणूस बाहेर आलं की फोटो बिघडवला म्हणून त्याच्यावरच चिडते. दोनदा पोलीस आले आहेत. पण एवढ्या वर्षांनी एका कलादालनाने हिच्या दारांना अख्खी भिंत देऊ केली होती. हिचं पहिलंवहिलं प्रदर्शन! अट एकच, निवडलेले फोटो आज पाचच्या आत पोचले पाहिजेत. नाहीतर ती भिंत घोडेवाल्याला जाणार. म्हणजे घोड्यांची चित्रं काढणाऱ्या एका गृहस्थाला. तो टपूनच बसला होता.

जेवणं झाल्यावर हिने निवडलेल्या फोटोंच्या छोट्या प्रिंट माझ्यासमोर मांडल्या.

"एवढेच फोटो 'दारं' या फोल्डरमधून उचलायचे, 'भिंत' या फोल्डरमध्ये ठेवायचे आणि तो फोल्डर त्यांना पाठवून द्यायचा. कराल ना?"

"तूच का नाही करत?"

"मला फोटोंखालचा मजकूर करायचाय. आणि हे बारीक काम आहे, स्थिर हाताचं! दातांच्या डॉक्टरलाच जमायचं."

आता यावर कुठला दातांचा डॉक्टर नाही म्हणेल?

"पाच कशाला, तीनलाच पाठवून मोकळा होतो," मी म्हणालो. "तू जा निवांत!"

ती आतल्या खोलीत गेली. मी दार लोटून घेतलं आणि उजवा हात खिशातून बाहेर काढला.

इथे एक खासगी गोष्ट सांगणं भाग आहे. माझा हात थरथरतो. दीडेक वर्ष झालं. आमचे डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, काळजीचं कारण नाही, फक्त काळजी केली की वाढतो. तेव्हापासून मी काळजीच करतोय! दवाखाना बंद केला तेव्हा हिला सांगितलं, कंटाळा आला. खरं सांगायची हिंमतच झाली नाही. चहा मी अर्धा कपच घेतो. "सुईत दोरा ओवून द्या हो," असं ही म्हणाली की माझा चष्मा हरवतो. त्यामुळे माझ्या तीन शर्टांची वरची बटणं गायब आहेत, आणि तुम्हाला या वयात छाती दाखवत फिरायची हौस आली आहे असं हिचं मत झालं आहे.

हात माउसवर ठेवला. पडद्यावरचा बाण थंडी वाजल्यासारखा कुडकुडायला लागला.

पहिलं दार निळं होतं. एकदा टिचकी मारायची, तर बोटाने दोनदा मारली आणि फोटो पडदाभर उघडला. बंद केला. पुन्हा मारली, पुन्हा उघडला. चौथ्या खेपेला जमलं. आता बटण दाबून धरायचं आणि फोटो ओढत 'भिंत'वर नेऊन सोडायचा. नेला! पण अर्ध्या वाटेत बोट निसटलं आणि निळं दार 'विजेची बिलं'मध्ये जाऊन पडलं. दुसरं दार कुठे पडलं ते कळलंच नाही.

असं एकेक ओढत बसलो तर घोडेवाल्याचं फावणार. मग मला आठवलं, कंट्रोलचं बटण दाबून धरलं की बरेच फोटो एकदम निवडता येतात. लेकीने मागे कधीतरी शिकवलं होतं. डावा हात कंट्रोलवर, उजवा माउसवर. एक टिचकी, दोन, तीन. वा! सात-आठ दारं निवडून झाली. मी शीळ घालणार, तेवढ्यात पुढच्या टिचकीला हात जरासा सरकला आणि दारं वाढली!

कंट्रोल धरून फोटो जरा जरी ओढला गेला, तर कॉम्प्युटर समजतो की या माणसाला नक्कल हवी आहे. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की हिरव्या दाराशेजारी आणखी एक हिरवं दार आलंय आणि त्याच्या नावाला 'कॉपी' असं शेपूट फुटलंय. निवडलेल्या सगळ्याच दारांना जुळी झाली होती! मी घाईघाईने नकला पुसायला गेलो. पुसायच्या म्हणजे आधी निवडायच्या. निवडायच्या म्हणजे पुन्हा कंट्रोल, पुन्हा टिचकी, पुन्हा तीच थरथर. नकलांच्या नकला झाल्या! 'कॉपी'मागे आणखी एक 'कॉपी'. आता कुठलं दार अस्सल आणि कुठलं नक्कल, हे त्या दाराच्या सुतारालाही सांगता आलं नसतं.

तीन केव्हाच वाजून गेले होते. आतल्या खोलीत ही मोठ्याने बोलत होती. "या दारामागे कुणीतरी अजून वाट बघतंय..." मजकूर वाचून बघत असणार.

"झालं का हो?" तिने आतूनच विचारलं.

"झालंच! शेवटचा हात फिरवतोय!" मी ओरडलो. हात फिरत होता हे खरंच होतं.

जरा दम घ्यावा म्हणून मी 'दारं' बंद करून बाहेरच्या यादीत आलो. तिथे फोल्डर दाटीवाटीने उभे होते. पुन्हा आत शिरावं म्हणून 'दारं'वर टिचकी मारली, हात लटपटला, आणि 'दारं' नाहीसं झालं! क्षणापूर्वी होतं, आता नाही. मी पडदा वरखाली केला. कचऱ्याची टोपली उघडली. टोपलीत काही नाही! हिची वर्षानुवर्षांची दारं, उन्हातान्हात पोलिसांशी भांडून काढलेली, मी एका टिचकीत घालवली होती. मला दरदरून घाम फुटला.

लेक दुसऱ्या गावी नोकरीला आहे. तिला फोन लावला. आत आवाज जाऊ नये म्हणून कुजबुजत बोललो.

"बेटा, सगळं संपलं. आईला कळता कामा नये."

"बाबा? तुम्ही असे धापा का टाकताय? छातीत दुखतंय का?"

"छातीत नाही गं, हाताचा घोळ आहे!"

"डाव्या हातात?"

"उजव्या! आता घोटाळा सगळा उजव्यानेच केलाय."

"घाम आलाय?"

"अंघोळ केल्यासारखा. पण तू आधी माझं ऐक—"

"बाबा, बोलू नका! हलू नका!" आणि फोन बंद.

दोन मिनिटांत दाराची घंटा वाजली. आमच्या समोरच्या घरात नर्सबाई राहतात, लेकीने त्यांनाच फोन केला असणार. त्या निवृत्त झाल्या आहेत, पण हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. हिने दार उघडल्याचा आवाज आला.

"कुठे आहेत?"

"कोण?"

"पेशंट!"

पाठोपाठ नर्सबाई आत घुसल्या. काखेत रक्तदाबाचं यंत्र, चेहऱ्यावर उत्साह.

"डॉक्टर, आडवे व्हा!"

"अहो, मला काही झालेलं नाही!"

"सगळे असंच म्हणतात!" त्यांनी मला खुर्चीतच दाबून बसवलं आणि दंडाला पट्टा आवळला. "प्रेशर बघा कुठे गेलंय! आणि हा हात! केवढा थरथरतोय!"

ही दारात उभी होती. मी हात खिशात घालायला गेलो, पण पट्ट्याची नळी आड आली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"ते राहू दे," मी म्हणालो. "अगं, दारं गेली."

"कुठली?"

"सगळी."

तिने पडद्याकडे पाहिलं आणि हळूच पलंगाच्या कडेला बसली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने टेबलावरच्या प्रिंट गोळा केल्या, नीट एकावर एक ठेवल्या आणि म्हणाली, "कळवून टाका त्यांना. भिंत द्या म्हणावं घोड्यांना." मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. भलतीच दाढ काढली तेव्हासुद्धा नाही.

तेवढ्यात फोन खणखणला. नर्सबाईंनी तो उचलून स्पीकरवर टाकला.

"बाबा कसे आहेत?" लेक रडवेली झाली होती.

"जिवाला धोका नाही," नर्सबाई म्हणाल्या. "पण दारं गेली म्हणतायत."

"दारं? घरात चोर शिरलाय?"

मग मी सगळं सांगितलं. नकला, विजेची बिलं, हात, सगळं.

"बाबा, मी रजा टाकून रिक्षाने बसस्टँडकडे निघालेय! तिकीट पण काढलंय फोनवर!"

"ये की मग, प्रदर्शन—"

"आधी ऐका. काही गेलेलं नाही. हात सरकला तेव्हा तो फोल्डर शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडला असेल. कंट्रोल धरा आणि झेड दाबा. शेवटचं केलेलं काम उलटं होतं."

मी दाबलं. आणि 'दारं' परत आलं! होतं तिथेच, जणू कुठे गेलंच नव्हतं. पुन्हा दाबलं. नकला काढू का असं खोक्याने विचारलं, मी काढ बाबा म्हणालो. शेपटं गळाली, जुळी गेली, निळं दार विजेच्या बिलांतून आणि दुसरं जिथे कुठे पडलं होतं तिथून घरी आलं. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"आता ओढायचं नाही," लेक म्हणाली. "वर 'व्ह्यू'मध्ये जाऊन चेक बॉक्स चालू करा. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात चौकट येईल, तिच्यात टिक करायची. कंट्रोलला हात लावायचा नाही. चार-चारच फोटो निवडा, म्हणजे चुकलं तरी चारच चुकतील. मग कंट्रोल-एक्सने उचला, 'भिंत' उघडा, कंट्रोल-व्हीने ठेवा. मधे कुठेही माउस दाबून धरायचा नाही. आणि आई, तूच कर. बाबांना नको बसवूस."

मी खुर्चीतून उठलो. ही उठेना.

"अगं, वेळ जातोय!"

"मला नाही जमायचं."

"न जमायला काय झालं? टिक तर करायची!"

ती नाइलाजाने खुर्चीत बसली. हात माउसवर ठेवला. आणि पडद्यावरचा बाण कुडकुडायला लागला! मी बाणाकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे पाहिलं. नर्सबाई माझ्या दंडाचा पट्टा सोडता सोडता थांबल्या.

"तुझा पण?"

"दोन वर्षं झाली," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "ट्रायपॉड काय शोभेला नेते मी? मजकूरही मघापासून फोनला बोलून लिहून घेत होते."

"मग मला कशाला दिलंस हे काम?"

"म्हणून तर दिलं! म्हटलं, घरात दातांचा डॉक्टर आहे, त्याचा हात कशाला हलतोय! आणि सुईत दोरा ओवायला सांगत होते तेव्हा चष्मा कुठे जायचा ते आत्ता कळलं मला."

"हॅलो? काय चाललंय तिथे?" फोनमधून लेक.

उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती. मी शेजारी स्टूल ओढलं आणि तिच्या हातावर माझा हात ठेवला. दोन थरथरी एकत्र आल्या तर माउस टेबलावरून उडी मारेल अशी मला भीती होती. पण वरून वजन पडलं तसा तिचा हात टेबलाला टेकला आणि बाण बराच शहाण्यासारखा वागायला लागला. नर्सबाई प्रिंट बघून ऑपरेशनच्या खोलीतल्यासारख्या पुकारत होत्या, "पिवळं! मांजराचं भोक! कुलूपवालं!" आम्ही टिक करत होतो. एकदा चौकटीऐवजी फोटोवरच टिचकी पडली आणि आधीच्या तिन्ही टिका पुसल्या गेल्या, तेव्हा मी तोंडातून काढू नये तो शब्द काढला. पण तीनच गेल्या होत्या. पुन्हा केल्या. चार उचलले, चार ठेवले. परत चार. शेवटचं दार 'भिंत'मध्ये पोचलं तेव्हा पाचला सहा मिनिटं होती. पाठवायचं बटण आम्ही दोघांनी मिळून दाबलं. तिचा हात घामाने ओला झाला होता, तरी मी तो सोडला नाही. तिनेही काढून घेतला नाही.

पाच वाजता कलादालनाच्या बाईंचा फोन आला. हिने तो माझ्याकडे सरकवला, मी स्पीकरवर घेतला.

"मिळाले सगळे! अप्रतिम आहेत! भिंत तुमच्या मिसेसचीच!"

ही ओंजळीत तोंड लपवून बसली. रडत होती की हसत होती, मी विचारलं नाही.

"रविवारी सकाळी फ्रेम टांगायच्या आहेत," बाई पुढे म्हणाल्या. "भिंतीत भोकं अगदी एका रेषेत यायला हवीत, सूतभर इकडेतिकडे चालायचं नाही. आमचा माणूस रजेवर आहे. पण तुमच्या मिसेस म्हणाल्या, आमचे हे दातांचे डॉक्टर, जन्मभर ड्रिल मशीनच चालवलंय! तर येताय ना तुम्ही?"

मी हिच्याकडे पाहिलं. हिने जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. नर्सबाईंनी पण हलवली.

"त्यात काय!" मी म्हणालो. "स्थिर हाताचं काम आहे, दुसऱ्या कुणाला जमायचं नाही ते!"

फोन ठेवल्यावर हिने माझा हात उचलून माझ्याच डोळ्यांसमोर धरला. मग म्हणाली, "अहो, भिंतीला कंट्रोल-झेड नसतं."