किसनभाऊजींचा पोत्याचा पडदा

किसनभाऊजींच्या घरात पोत्याचं कापड न पांघरलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे किसनभाऊजी. रेडिओला पोत्याचा झगा, घागरीला टोपी, कंदिलाला पिशवी. मांजरालाही झूल शिवली होती, पण ते शहाणं निघालं, पळालं.

गोरेगाव या आमच्या खेड्यात ते माझे शेजारी. वसमतला आडतीवर हमाली करायचे. बायको वारली तेव्हा लेकीला घेऊन गावी आले आणि येताना हळदीची रिकामी पोती आणली. लोक पोतं टराटरा फाडतात. भाऊजींना ते खपायचं नाही.

"वहिनी, पोत्याची वीण इरळ असती. नुसती रेघ मारून कापलं की कैची वाकडी जाती अन् कड उसवत बसती. आधी दोऱ्याला इचारायचं."

विचारायचं म्हणजे काय, तर जिथं कापायचं तिथला एकच आडवा दोरा सुईनं उचलायचा आणि हलक्या हातानं ओढायचा. कापडाला चुण्या पडतात, त्या सारत सारत पुढं जायचं. दोरा पुरा निघाला की भांग पाडल्यासारखी सरळ वाट दिसते. तिच्यातून कैची न्यायची, मग कड दुमडून टाके घालायचे. तेवढ्या वेळात माझी भाजी चिरून, शिजून, खाऊन व्हायची.

"भाऊजी, माणसाला कधी इतकं इचारता का?" मी तोंडावर म्हणायची.

"माणूस उलटं बोलतंय, वहिनी. दोरा बोलत न्हाई."

लेक सुमन सेनगावला दिली होती. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. पण सुमनच्या सासूनं किराणा दुकानाच्या फोनवर निरोप धाडला, "तुमच्या घरात बाईमाणूस न्हाई, बाळंतिणीला आडोसा न्हाई. उद्या येऊन पाहते. पटलं न्हाई तर बाळंतपण इथंच."

भाऊजी निरोप ऐकून आले ते थेट पोत्यांवर बसले. पोती उसवली, धुतली, जोडली. सकाळी पडदा तयार, फक्त खालची कड कापायची राहिली होती. तेवढ्यात जीपचा हॉर्न!

"भाऊजी, आली तुमची इहीण! कापा आता!"

"दोरा अर्ध्यात हाय!"

विहीणबाई दारात आल्या. भाऊजी जमिनीवर पालथे, मिशीत तागाची तुसं. ना रामराम, ना पाणी. वर ओरडले, "इहीणबाई, पाय टाकू नका! दोरा तुटंल!"

झालं, मला वाटलं. गेली पोरगी.

विहीणबाई एक पाय उचलून तशाच उभ्या. आणि दोरा तुटलाच. भाऊजींचं तोंड असं झालं, की दुसऱ्याचं असतं तर मी हसले असते.

विहीणबाईंनी पदर खोचला आणि खाली बसल्या. "टोक असंल की आतच. सुई द्या इकडं."

"त्यो न्हाई, शेजारचा!"

"मला दिसून राहिलं, इवाई. तुमी चुण्या सारा."

मीही बसले. तिघांची डोकी एका पोत्यावर. टोक सापडलं. सरकलं, अडकलं, पुन्हा सरकलं. "आला, आला!" विहीणबाईच ओरडल्या. त्या वाटेनं कैची सुळकन गेली. टाके घालून पडदा लावला. खालची कड जमिनीला अशी समांतर, की तिच्यावरून माप घ्यावं! घरभर ओल्या तागाचा आणि हळदीचा वास.

विहीणबाईंनी पडदा सारून आत पाहिलं. बाज होती, वर पाळण्याचा दोर होता. बाजेशेजारी खाली एक अंथरूण होतं, नव्या उशीचं.

"हे कोणाचं?"

"मी गोठ्यात निजीन," भाऊजी म्हणाले. "हे तिच्यापाशी राहील त्या बाईचं."

"कोणती बाई?"

भाऊजी पडद्याची कड चाचपू लागले. माझ्याकडं बघेनात. अंथरूण टाकून ठेवलं होतं, उशी भरून ठेवली होती, आणि भिंतीपलीकडच्या माणसापाशी एक शब्द काढला नव्हता.

"माझं हाय ते," मी म्हणाले. "मी राहणार हाय."

विहीणबाईंनी उशी दाबून पाहिली. "मंग धाडते सुमनला."

भाऊजी वळले. विहीणबाईंना पाणी द्यायला घागर कलती करून तांब्या भरू लागले. तांब्या भरला, वाहू लागला, पाणी त्यांच्या पायावर पडू लागलं, तरी घागर सरळ होईना. पाठ आमच्याकडंच होती.

"भाऊजी," मी म्हणाले, "पाणी वाया जाऊन राहिलं." दुसरं काय म्हणणार?