साखर नवऱ्याच्या नावे

चालकांची वार्षिक आरोग्य तपासणी होणार असल्याचं परिपत्रक बस आगारात लागलं आणि एका चालकाच्या तोंडचं पाणी पळालं. पोट सुटलेलं, वडिलांना मधुमेह. लघवीत साखर निघाली तर स्टिअरिंग सुटणार, म्हणून त्याने बाटली बायकोपुढे धरली. "तूच दे. तुला काय धाड भरलीये!"

तिने दिली. तिला सारखी तहान लागे, सुईत दोरा जाईना, पायांना मुंग्या येत. पण ते काही दुखणं नव्हतं. घरकामातच धरलं जाई.

अहवाल आला : साखर भरपूर. चालकाला गोळ्या लिहून देण्यात आल्या आणि गाडीवरून उतरवून आगारातल्या चौकशीच्या खिडकीत बसवण्यात आलं.

"डॉक्टर, माझं रक्त तपासा ना!"

डॉक्टरांनी तपासलं. "साखर अगदी योग्य. गोळ्या लागू पडल्या म्हणायच्या."

"अजून एकही घेतली नाही हो!"

"बघा, किती लवकर लागू पडल्या!"

खरं सांगावं तर फसवणुकीचा ठपका. म्हणून तो बायकोलाच तपासायला घेऊन गेला. दवाखान्याच्या खिडकीतल्या कारकुनाने वहीतून मान वर केली नाही.

"एका कुटुंबाला एकच मधुमेह मंजूर आहे, ताई. तो तुमच्या यजमानांनी घेतलाय."

पुढे तिच्या पायावर कढत पाणी सांडलं. तिला कळलंच नाही. फोड फुटला तेव्हा दिसलं. जखम भरेना. पुन्हा तीच खिडकी.

"पाय तुमचा असला तरी रोग त्यांचा आहे. त्यांचा पाय दाखवा."

त्याने दाखवला. एक ओरखडा नाही! डॉक्टर हरखले. मधुमेह असून असा पाय! 'आदर्श रुग्ण' म्हणून त्याचा सत्कार ठरला.

सभागृह भरलं. दुसऱ्या रांगेत बायको, पायाला पट्टी. शाल खांद्यावर पडताच चालकाला राहवेना. त्याने माइक ओढला.

"मला साखर नाहीच! हा रोग माझ्या बायकोचा आहे. बाटली तिची होती. पाय सडतोय तिचा. माझी नोकरी गेली तरी चालेल, पण तिला तपासा!"

डॉक्टरांनी रुमाल डोळ्यांना लावला.

"बायकोचं दुखणं स्वतःचं मानणारा असा नवरा," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "लाखात एक!"

टाळ्या थांबता थांबेनात. लोक उठून उभे राहिले, त्यामुळे दुसऱ्या रांगेतलं कोणी दिसेना.

वाचकहो, त्या माणसासाठी तुम्हालाही गहिवरून आलं असेल. येऊ द्या. ती बसलेली आहे.