आडे सरांचा भूतकाळ

‘समजा, आपन सारे मेलो.’

आडे सर वर्गात शिरले की हजेरीच्याही आधी हे वाक्य म्हणत. मग खिडकी लावून घेत. पाचवीतली नवी मुलं पहिल्या दिवशी रडायला लागत. सातवीपर्यंत पोचलेली मात्र शहाण्यासारखी बाकावर माना टाकून मरून पडत.

‘मेलो. गाव ओसाड पडलं. शाळेवर माती चढली. हजार वर्सं गेले. आता कोनीतरी इथं खोदून राह्यलं, अन् त्याले तुहा डबा सापडला. तो तुह्याबद्दल काय म्हनन?’

हा आमचा इतिहासाचा तास. बोरी अरब गावाच्या अलीकडे आमची शाळा आहे. तिथे मी गणित शिकवते. माझा वर्ग सरांच्या वर्गाला लागून. भिंतीपलीकडचे चाळीसएक जिवंत आवाज एकदम गप्प झाले की माझी मुलं फळ्यावरून नजर काढून कान टवकारत. त्या शांततेत मलासुद्धा बेरीज सुचायची नाही.

एकदा एक पालक तणतणत मुख्याध्यापकांकडे आले. ‘आडे सर आमच्या पोट्ट्याले रोज मारते.’ मुख्याध्यापक घाबरले. छडी वर्गात नेणं बंद होऊन किती काळ झाला! पोराला बोलावलं. ते म्हणालं, ‘तसं नाई सर. ते आधी साऱ्यायले मारते, मंग खोदून काढते.’

सरांची दुसरी खोड याहून वाईट. ते जिवंत माणसांविषयी भूतकाळात बोलत. तेही तोंडावर. शिक्षकांच्या खोलीतली कचऱ्याची टोपली त्यांनी एकदा मुलांसमोर थराथराने उपसली. तळाशी सकाळ, वर दुपार. मधल्या थरात पेढ्याचा कागद निघाला. त्यावर शाईचं बोट उमटलेलं. ‘इथं एक मुख्याध्यापक राहत होते,’ सर गंभीरपणे म्हणाले. ‘त्यायले साखरेचा आजार होता. पन मन मोठं गोड होतं.’ मुख्याध्यापक दारातच उभे होते. त्यांनी शाईचा हात खिशात घातला.

आमच्या घरी ते एकदाच चहाला आले. कप हातात धरून भिंती न्याहाळत बसले. स्वयंपाकघराच्या चौकटीवर, गुडघ्याच्या जरा वर, तेलकट डाग होता. तो बघून म्हणाले, ‘इथं एक म्हातारी बाई होती. उठताना इथं हात टेकवत होती. कोनी हात देल्ला तर तिले आवडत नवतं.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘मॅडम, तुमी लोक चांगले होते.’

माझ्या सासूबाई आतून ऐकत होत्या. सर गेल्यावर त्या बाहेर आल्या. ‘त्यानं मले होती म्हनलं वं!’ लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. सर पुन्हा येणार असले तर आधी सांग, मी लेकीकडे जाते, असंही बजावून ठेवलं.

पण मुलांचा त्यांच्यावर जीव होता. मोहेंजोदडोची लिपी अजून कोणालाच वाचता येत नाही, हे ते अशा हलक्या आवाजात सांगत की अंगावर काटा यावा. ‘ते बोलून राह्यले. आपल्यालेच ऐकू येत नाई.’ मग हात वर करून सगळ्यांना गप्प करत. सगळा वर्ग ऐकत राही. आठवीतली पायल एकदा मधल्या सुट्टीत मला म्हणाली, ‘मॅडम, मले खरंच ऐकू आलं. पन कोनाले सांगू नोका.’

सर एकटे राहत. भाड्याची खोली, खानावळीचा डबा. आई ते लहान असतानाच गेली. मग बापाने त्यांना दूरच्या आश्रमशाळेत घातलं, आणि त्यांचं बालपण तिथल्या वसतिगृहात गेलं. पुढे धरण झालं. त्यांचा बंजारा तांडा पाण्याखाली गेला, माणसं पांगली, आणि बापही वारला. त्याच्याविषयी मी एकदा विचारलं होतं. ‘होता,’ सर म्हणाले. आईला ते याडी म्हणत. ‘याडी गेल्यावर मले तिकडं ठेवून आला. जास्त बोलला नाई कधी.’ त्या एका माणसाच्या बाबतीत त्यांचा भूतकाळ व्याकरणाला धरून होता.

परीक्षा संपली की उन्हं चढायच्या आत ते आठवीच्या मुलांना धरणाच्या कोरड्या पात्रात नेत. त्या वर्षी पाणी फारच खाली गेलं होतं. सोबत कोणी तरी बाई हवी, म्हणून मी गेले.

तिथे पाय ठेवला आणि मुलांची बडबड आपोआप थांबली. भेगाळलेला गाळ लांबवर पसरलेला. वाळलेली झाडं मेली त्या जागी तशीच उभी. पांढरे शिंपले पायाखाली करकर वाजत होते, आणि माशांचा वास येत होता. मधोमध एक हापशी. तिचा दांडा वर उचललेला, कोणी आत्ताच घागर भरून गेल्यासारखा.

घरं नव्हती. जमिनीत फक्त दगडांच्या रांगा होत्या. सर मात्र सरळ चालत नव्हते. मोकळ्या मैदानात ते मध्येच डावीकडे वळत, कुठे अंग चोरून जात. कितीतरी वेळाने माझ्या लक्षात आलं. ते गल्लीतून चालत होते. त्यांच्यामागून मुलंही तशीच, एकामागे एक, नसलेल्या भिंतींना अंग न लावता.

एका चौकोनापाशी ते थांबले. ‘येऊ काय?’ त्यांनी हाक दिली आणि वाट पाहिली. वारा पडला होता. आम्हीही वाट पाहिली.

‘सर, कोनाले इचारता?’ पायल कुजबुजली.

‘घरवाल्यायले.’

‘ते तर नाईत.’

‘नाईत म्हनून तसंच घुसाचं काय?’

मग आत जाऊन मुलांनी चूल ओळखली, जात्याची जागा ओळखली. ‘पुढं?’ सर विचारत. ‘अन् पुढं?’ कडेचं एक घर मात्र त्यांनी टाळलं. काहून म्हणून मुलांनी विचारलं, तर म्हणाले, ‘त्याले कुलूप हाये.’ तिथे गुडघाभर उंचीचाही दगड नव्हता. पण एकही मूल त्यात शिरलं नाही.

तांड्याच्या पलीकडे, उतारावर बराच खाली, एक उंचवटा उघडा पडला होता. इतर वर्षी तो पाण्यात असायचा. मुलं धावत तिकडे गेली. माथ्यावर एक सपाट दगड होता, आणि त्याच्या बाजूला मातीच्या फुटक्या चिलमींचे तुकडे. पायल गुडघ्यांवर बसून उकरायला लागली.

‘सर, काही तुकडे खोल हायेत, काही वर. म्हंजे लय वर्सं कोनी इथं येऊन बसे.’

‘एकटाच,’ दुसरा एक मुलगा म्हणाला. ‘बसाले दगड एकच हाये.’

सरांनी ‘पुढं?’ विचारलं नाही. पायलनेच आपणहून दगडावर बसून पाहिलं. ‘इथून तांडा दिसत नाई. वावरंही दिसत नाईत. खाली निसता रस्ताच दिसते.’

खाली खरंच जुन्या डांबरी रस्त्याचा एक तुकडा गाळातून वर आला होता.

‘तिथं गाडी थांबे,’ सर म्हणाले. त्यांचा आवाज वेगळाच लागला होता. ‘सुट्टी लागली की मी तिथं उतरत होतो. घरी सांगाले काही सोय नवती, कवा सोडतीन ते आमालेही मालूम नसे. पन उतरलो की बा इथून खाली येताना दिसे. म्हने, बैल सुटला, तो शोधाले आल्तो. दर खेपेले तेच. माह्याकडं पाहे बी नाई. पेटी डोक्यावर घे अन् पुढं चालाले लागे.’

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. हे कोण्या हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचं गाव नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. मला गल्लीतच शंका आली होती.

पायल तुकडे हातात घेऊन विचारात पडली होती. सरांनीच तिला तशी सवय लावली होती. ‘पन सर,’ ती म्हणाली, ‘बैल शोधनारा एका जागी बसून काहून राहीन?’

सर तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच त्या दगडावर टेकले.

‘मॅडम,’ ते मला म्हणाले, ‘बैल तर याडीच्या दुखन्यातच इकला होता. घरी बैल नवताच.’

खाली रस्त्यावर ऊन चढायला लागलं होतं. मुलं, कोणी न सांगता, त्यांच्या भोवती बसली. चिलमीचा एक तुकडा पायलने त्यांच्या तळहातावर ठेवला. सरांनी मूठ मिटली.

‘बा,’ ते म्हणाले. एवढंच. आणि मग आमच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत बसले.