विनूकाकांची विमानं

इंग्लंडातल्या आमच्या रीडिंग गावच्या मराठी मंडळात विनूकाकांच्या हाती बटाटेवड्यांचा ट्रे देऊ नये. दिलात तर ते नऊ वडे शंकरपाळीच्या आकारात मांडतात आणि टोकाचा वडा कुणी उचलला की ओरडतात, "अरे, लीडरच खाल्लास! आता बाकीच्यांनी कुणाच्या मागे उडायचं?"

काका आयटीतून रिटायर झालेत. त्यांचं दैवत म्हणजे इथल्या हवाई दलाची कसरती करणारी लाल विमानं. बारसं असो की बार्बेक्यू, हिस्टरी सुरू! "पूर्वी स्क्वॉड्रन्सच्या आपापल्या टीम्स. कुणाची काळी विमानं, कुणाची पिवळी. मग एकच केली, लाल. आधी सात, मग नऊ. आणि पहिलं विमान कुठलं? नॅट! आपल्या एअर फोर्सकडेही होतं, बरं का!" आणि छाती अशी फुगते, जणू ते नॅट ह्यांनीच घरी जोडलं होतं. गाडीतसुद्धा, धूर सोडायचा हुकूम देणाऱ्या लीडरसारखं "स्मोक ऑन, गो!" म्हटल्याशिवाय हँडब्रेक सुटत नाही.

शोला तर कहर. विमानं डोक्यावर असताना हा माणूस खच्चून कॉमेंट्री करतो. एकदा मी म्हणालेच, "अहो काका, दिसतंय की आम्हाला!"

"तुला दिसतंय गं," ते म्हणाले आणि शेजारी बसलेल्या शैलाकाकूंच्या मांडीवरची शाल नीट केली. काकूंना हल्ली जवळजवळ काहीच दिसत नाही. लग्न होऊन ह्या देशात आल्यावर त्या पहिल्यांदा खळखळून हसल्या, त्या ही विमानं बघून. त्यामुळे उन्हाळ्यातला एक शो काकूंचा, आणि तो काकांनी आजवर चुकू दिलेला नाही.

ह्या वर्षी आम्ही तिघं साउथ कोस्टला गेलो. काकू ठेवणीतली साडी नेसून आलेल्या. आणि मेले ढग अगदी पाण्यापर्यंत खाली उतरले. माझ्या फोनवर मेसेज आला: शो कॅन्सल. मी तोंड उघडणार, तोच काकांनी डोळ्यांनी दटावलं.

"आली गं, शैला!" ते उभेच राहिले. "खूप वरून जातायत, म्हणून आवाज नाही. डायमंड नाईन! आता लाल धूर, पांढरा, निळा! आता दोघं मिळून हार्ट काढतायत!"

खुर्च्या आवरणारे लोक वळून बघायला लागले. काकांच्या कपाळावर घाम आला होता. काकूंनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

काका चहा आणायला गेले, तशी काकूंनी माझा हात धरला. "आलीच नाहीत ना गं?"

"काकू, तुम्हाला कसं..."

"अगं, डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. ती आली की खुर्चीसुद्धा थरथरते. पण त्यांना सांगू नकोस हं. किती जीव तोडून उडवली त्यांनी."

काका चहा घेऊन आले. काकूंनी पदर सावरला. "अहो, ते हार्ट फार पटकन गेलं. पुन्हा एकदा सांगा ना."

काकांनी तिन्ही कप माझ्या हातात कोंबले, घसा खाकरला आणि ढगांकडे बोट केलं.

"स्मोक ऑन, गो!"